चामडी 'मोबी डिक' आणि मुलीची फी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय: "ह्यांना 'मोबी डिक' या कादंबरीची चामडी बांधणीची, नंबर घातलेली आवृत्ती घ्यायची आहे. एकूण प्रती १,२००, किंमत १,४०० डॉलर. कार्डावर घेऊन वर्षभरात फेडू म्हणतात. मुलगी आठवीत आहे. ती कॉलेजला जाईपर्यंत किंमत दुप्पट होईल, तेव्हा विकून फीला हातभार लावू, असा त्यांचा हिशेब. पगार १ लाख २० हजार. ४०१के मध्ये (नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात) ते ३ टक्के टाकतात, कंपनी ५ टक्क्यांपर्यंत बरोबरीने टाकते. घेऊ द्यावं का?"

ताई, 'मोबी डिक' घेऊ द्या. ही १,४०० वाली प्रत मात्र नको, आणि मुलीच्या फीचं नाव तर त्यात अजिबात नको.

आधी आकडे. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे पुस्तक दारात येईपर्यंत १,४९३ झाले. कार्डाचं व्याज २२ टक्के धरा, बारा सारखे हप्ते धरा, की खिशातून गेले साधारण १,६७५. विकताना ऑनलाइन लिलावाची साइट १५ टक्क्यांच्या आसपास कापून घेते, तेव्हा तुमच्या हातात २,८०० पडायला समोरच्याने ३,३०० मोजायला हवेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेलंत, तर दुकानदार स्वतः ज्या भावाला विकेल त्याच्या निम्म्याच्या वर सहसा जात नाही. त्यालाही भाडं भरायचं असतं.

बरं, ३,३०० मोजणारा येणार कुठून? १८५१ मध्ये न्यूयॉर्कला हार्पर अँड ब्रदर्सने ही कादंबरी काढली ती साध्या कापडी बांधणीत, दीड डॉलरला. प्रती तीन हजारांच्या आतच, आणि त्याही खपेनात. १८५३ च्या डिसेंबरात हार्परच्या इमारतीला आग लागली, त्यात उरलेल्यांपैकी सुमारे ३०० जळाल्या. लेखक हर्मन मेलव्हिल पुढे न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये रोज ४ डॉलरवर नोकरीला लागला आणि १९ वर्षं तिथेच राहिला. पुस्तकाचं खरं नाव झालं ते १९२० नंतर, तो गेल्यावर. तोवर लोकांनी आपल्या प्रती वाचून, फाडून, टाकून दिल्या होत्या, म्हणून उरलेल्यांना आज भाव आहे. तुमच्या १,२०० प्रती मात्र पहिल्या दिवसापासून १,२०० घरांत काचेच्या कपाटात जाणार. पाच वर्षांनी त्या जवळपास सगळ्या धडधाकट असतील, आणि मुलांच्या फीची वेळ आलेले इतर बाबाही बाजारात असतील!

मागच्या उन्हाळ्यात एका एस्टेट सेलला गेलो होतो. गेलेल्या गृहस्थांची मुलं घर रिकामं करत होती. एका भिंतीला मरून आणि हिरव्या चामड्याची ओळच्या ओळ. एक खंड उघडला तर पानांच्या सोनेरी कडा एकमेकींना चिकटलेल्या, कुरकुर आवाज करत सुटल्या. खुणेची रेशमी फीत कारखान्यात घडी घालून ठेवली होती तशीच आत. मुलगा म्हणाला, पाचाच्या पुढे घ्याल तर भाव कमी करतो.

अपवाद आहेत, लपवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एरियन प्रेसने १९७९ मध्ये याच कादंबरीच्या फक्त २६५ प्रती काढल्या: छपाईचे खिळे हाताने जुळवलेले, बॅरी मोझरची लाकडी ठशांची चित्रं, कागद उजेडात धरला की जलचिन्हात देवमासा. त्या आज मूळ किमतीच्या कैक पटीने जातात. पण तिथे पैसे हाताच्या कामाला आणि मोजक्या संख्येला मिळतात. नुसत्या चामड्याला आणि वरच्या नंबराला तसे मिळत नाहीत.

आता तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य, जे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दोन टक्के म्हणजे वर्षाला २,४०० डॉलर कंपनी द्यायला बसली आहे आणि ते तुम्ही घेत नाही आहात. याच महिन्यात ५ टक्के करा. कंपनीचा वाटा पूर्ण आपला व्हायला काही ठिकाणी ठरावीक वर्षं नोकरी करावी लागते, तेवढं एचआरला विचारून घ्या.

फीसाठी ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं. घरचं एकूण उत्पन्न २ लाख डॉलरपर्यंत असेल, तर न्यू जर्सीच्या स्वतःच्या योजनेत वर्षाला १०,००० पर्यंत भरलेली रक्कम राज्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. पाचच वर्षं हातात आहेत, त्यामुळे सगळं शेअरमध्ये नको.

आणि ह्यांची हौस? चामडी आवृत्त्या काढणाऱ्या ईस्टन प्रेसची 'मोबी डिक' वापरलेली, शंभरेक डॉलरच्या आत-बाहेर मिळते. घरखर्चातून रोखीने घ्या, हप्ता नको. विक्रेत्याकडून पुस्तकाच्या पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात काढून मागा, उन्हाने रंग उडालेला असेल तर तिथेच कळतो. पहिल्या पानावर कुणाच्या नावाची चिठ्ठी डकवलेली असेल तर घासाघीस करा. आधीच्या घरात कुणी सिगारेट ओढत होतं का तेही विचारा. तो वास चामड्यातून निघता निघत नाही.