रिफ्रेश केलं की पान गायब

प्रश्न : आमच्या खानावळीची साइट मी रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत केली. लिंकवर टिचकी मारली की मेन्यूचं पान उघडतं, पण तिथेच रिफ्रेश केलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'! लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हा ४०४ मीही खाल्लाय, तोही ऐन दिवाळीत. नौपाड्यातल्या एका मिठाईवाल्यांच्या ऑर्डरची लिंक व्हॉट्सॲपवर फिरली आणि जो तो फोन करून विचारायला लागला, "अहो, पान कुठंय?"

टिचकी मारता तेव्हा सर्व्हरला काही कळतच नाही. साइटच्या कोडमधला राउटर ती मध्येच अडवतो, ब्राउझरच्या 'पुशस्टेट' या सोयीने वरचा पत्ता बदलतो आणि पडद्यावरचा कंपोनंट, म्हणजे पानाचा तुकडा, पालटतो. रिफ्रेश केलं की ब्राउझर तोच पत्ता थेट सर्व्हरकडे मागतो. तिथे त्या नावाची फाइल असणार कुठून? तुमच्याकडे इंडेक्सची एकच एचटीएमएल फाइल. लॅपटॉपवरचा डेव्हलपमेंट सर्व्हर तीच परस्पर देतो, म्हणून तिथे चूक दिसत नाही.

सर्व्हरवर एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या सेटिंगमधल्या 'ट्राय फाइल्स'च्या ओळीत शेवटी तीच इंडेक्सची फाइल द्या. स्क्रिप्टचे पत्ते मात्र तिरप्या रेघेपासून (/) सुरू करा. नाहीतर 'मेन्यू/थाळी'सारख्या आतल्या पानावर स्क्रिप्टऐवजी एचटीएमएल येतं आणि पडदा पांढराफटक. यात माझी अख्खी रात्र गेली होती.

आता चुकीच्या पत्त्यालाही सर्व्हर २००, म्हणजे 'सगळं ठीक', म्हणेल, तेव्हा 'पान सापडलं नाही' हा राउट (कुठल्या पत्त्याला काय दाखवायचं तो नियम) तुम्हीच लिहा.

होस्टिंगवाला सेटिंगला हात लावू देत नसेल तर हॅश राउटर वापरा; तो पानाचा पत्ता हॅशच्या (#) खुणेनंतर लिहितो. हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. पत्ता जरा बेंगरूळ दिसतो, पण थाळीची ऑर्डर तर येईल!