एकाच आवारात मोकळे फिरणारे कोंबड्यांचे कळप: तुमच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न: माझ्याकडे कोंबड्यांचे तीन कळप आहेत. अंड्यावरच्या जुन्या कोंबड्या, एका जातिवंत वाणाच्या कोंबड्या त्यांच्या कोंबड्यासह, आणि अडीच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या. आवार एकच आहे. सगळ्यांना मोकळं सोडलं तर कळप वेगळे राहतील का, की मध्ये जाळी मारावी लागेल?

उत्तर: आधी मनाशी एक ठरवा. कळप वेगळे कशासाठी ठेवायचेत? भांडणं नकोत म्हणून, वाण शुद्ध राहावा म्हणून, की रोग पसरू नये म्हणून? भांडणं टाळायला बहुतेकदा जाळी लागत नाही. वाणासाठी ती वर्षातले काही आठवडेच लागते. रोगासाठी मात्र नुसती जाळीही पुरत नाही.

कोंबडीचं घर म्हणजे ती रात्री ज्या दांडीवर बसते ती जागा. दिवसभर कळप एकमेकांत मिसळले तरी दिवेलागणीला प्रत्येक कोंबडी आपल्या खुराड्याकडे वळते, कारण अंधारात तिला फारसं दिसत नाही. म्हणून नवा कळप वसवताना त्याला नव्या खुराड्यात आठ ते पंधरा दिवस पूर्ण कोंडून ठेवा. खाणं-पाणी आतच द्या. मगच संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी पहिल्यांदा सोडा, म्हणजे लांब जायला वेळच उरत नाही. एका शेतकऱ्याने अर्धा कळप नव्या खुराड्यात हलवला आणि तिसऱ्याच दिवशी दार उघडलं. मी संध्याकाळी तिथे होतो. रिमझिम पाऊस होता आणि नव्या खुराड्यातल्या झाडून सगळ्या कोंबड्या जुन्या बंद दारासमोर अंग चोरून उभ्या होत्या. एकेक उचलून नेताना रात्र झाली. पंधरा दिवसांचा धीर धरला असता तर ही धावपळ टळली असती.

खुराडी शक्य तितकी लांब ठेवा आणि दारं एकमेकांसमोर येऊ देऊ नका. प्रत्येक कळपाचं खाद्य आणि पाणी त्याच्या त्याच्या खुराड्यापाशीच असू द्या. मोकळ्या रानात सहसा भांडण होत नाही, ते होतं खाद्याच्या भांड्यावर. कोंबड्यांत टोचण्याची एक उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी ती 1922 साली शास्त्रीय पद्धतीने मांडली. वरची कोंबडी खालचीला टोचते आणि खालची बाजूला होते. बाजूला व्हायला जागा असेल तर रक्त निघत नाही. म्हणून एकाऐवजी तीन भांडी ठेवा, मध्ये एखादी आडोशाची फळी उभी करा. कोण उपाशी राहतंय हे ओळखायचं असेल तर रात्री दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी हाताने चाचपा. भरलेली पिशवी टम्म लागते. ज्या कोंबडीची रिकामी, तिला बहुधा दिवसभर कोणी भांड्याजवळ येऊ दिलेलं नाही.

दोन कोंबडे जाळीच्या दोन बाजूंनीही झुंजतात आणि तुरे रक्तबंबाळ करून घेतात. जाळीच्या खालच्या भागाला दोन-अडीच फूट पत्रा किंवा गोणपाट लावा. समोरचा दिसेनासा झाला की ते शांत होतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे.

आता वाणाचं. कोंबड्याशी एकदा मिलन झालं की त्याचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवडे, कधी तीन आठवड्यांहूनही जास्त टिकतं. त्यामुळे आज वेगळं केलं आणि उद्याची अंडी उबवायला बसवली, असं चालत नाही. जातिवंत कोंबड्या त्यांच्या कोंबड्यासह बंदिस्त करून चार आठवडे थांबा आणि त्यानंतरची अंडी उबवणीला घ्या. ती सात दिवसांपेक्षा जुनी होऊ देऊ नका. हवी तेवढी अंडी जमली की कळप पुन्हा मोकळा करा. आणखी सोपी वाट म्हणजे आवारात फक्त जातिवंत वाणाचाच कोंबडा ठेवायचा. त्या वाणाच्या अंड्यांचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल, तर रंगावरून अंडी निवडली की झालं, जाळीची गरजच नाही.

तलंगांची मला जास्त काळजी वाटते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. वाढत्या पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडावर येतं आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही. खाद्यं वेगळी ठेवणं जमत नसेल, तर सगळ्यांनाच वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणारी कोंबडी गरजेपुरता चुरा आपणहून खाते.

प्रश्न: नव्या कोंबड्या आणल्या आहेत, तजेलदार दिसतात. लगेच सोडल्या तर चालेल का?

उत्तर: नाही. तीस दिवस लांब, वेगळ्या जागी ठेवा. शिंका आणि घरघर करणाऱ्या मायकोप्लाझ्मासारख्या रोगातून बरी झालेली कोंबडी दिसायला ठणठणीत असते, पण रोगजंतू अंगात बाळगून असते. मोठ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून पिल्लांना रक्ती हगवण लागते, आणि जंतांची अंडी मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून दोन कळप एकाच जमिनीवर पाळीपाळीने सोडले, तर भांडण टळतं पण रोग टळत नाही. पिल्लांसाठी जिथे मोठ्या कोंबड्या फिरलेल्या नाहीत असा तुकडा राखून ठेवा. टर्की पाळत असाल तर त्यांना कोंबड्यांच्या जमिनीवर अजिबात सोडू नका. कोंबडीला फारसा न जाणवणारा काळतोंड्या (ब्लॅकहेड) रोग टर्कीचा जीव घेतो.

कामाचा क्रमही पाळा. आधी पिल्लं, मग तलंगा, मग जुन्या कोंबड्या आणि नव्या आलेल्या सगळ्यात शेवटी. नव्यांसाठी चपला आणि बादली वेगळी ठेवा. कोंबडी मान टाकू लागली, हिरवट हगवण दिसली किंवा एका दिवसात दोन-तीन मेल्या, तर कळप कोंडा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवा.

कळप ओळखायला पायात रंगीत कड्या घाला. तलंगांच्या कड्या मात्र दर दोन आठवड्यांनी तपासा. पाय जाड होत जातो आणि कडी मांसात रुतते. कडी आणि पाय यांच्यात काडी सहज फिरली पाहिजे, नाहीतर त्याच दिवशी मोठी कडी घाला.