‘काही नाही’ म्हणणाऱ्या मुलाशी बोलताना

ताई,

तुमचा अकरा वर्षांचा मुलगा पूर्वी घरी आल्याबरोबर दिवसभराचे सगळे सांगायचा. आता मात्र ‘शाळेत काय झाले?’ असे विचारले की ‘काही नाही’ म्हणून खोलीत निघून जातो, आणि तो दुरावतो आहे या काळजीने तुमची झोप उडाली आहे. यजमान म्हणतात की हा वयाचाच भाग आहे, त्याला त्याच्या मनासारखे राहू दे. त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, कारण या वयात मित्रांचे मत मोलाचे वाटू लागते आणि काही गोष्टी स्वतःजवळच ठेवाव्याशा वाटतात. पण तुमची काळजीही अनाठायी नाही.

पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलात ती एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. मधल्या सुट्टीत मित्रांनी खेळायला घेतले नाही, असे त्याने मध्यंतरी आपणहून सांगितले होते, आणि तुम्ही लगेच म्हणालात, ‘मग दुसऱ्यांबरोबर खेळायचे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे!’ तुमचा हेतू धीर देण्याचाच होता, यात शंका नाही. त्याच्यापर्यंत मात्र बहुधा एवढेच पोहोचले, की हे दुःख घरी सांगण्याजोगे नाही. अशा वेळी ‘फार वाईट वाटले असेल ना’ एवढे म्हणून थोडे गप्प बसावे. तोडगा हवा असेल तर मूल विचारते, आणि पुष्कळदा त्याला तो नकोच असतो. आणखी एक : त्याने विश्वासाने सांगितलेले त्याच्या देखत फोनवर मावशीला ऐकवू नका. हे आपल्याकडून फार सहज होते, आणि मुले ते विसरत नाहीत.

आता प्रश्नांविषयी. खाल्लेस का, गृहपाठ किती आहे, गुण कळले का, हे तुम्ही दारातच विचारता. यातला एकही प्रश्न गैर नाही, पण ते ओळीने आले की उलटतपासणी वाटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी 1970 च्या दशकात लहान मुले आणि पालक यांच्यासाठी एक उपचारपद्धती विकसित केली. तीत पालकाने रोज पाच मिनिटे मुलाच्या कलाने त्याच्याबरोबर खेळायचे असते, आणि तेवढ्या वेळात हुकूम सोडायचे नाहीत, टीका करायची नाही, इतकेच नव्हे तर प्रश्नही टाळायचे असतात. ही पद्धत मुख्यतः दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे ती जशीच्या तशी वापरलीत तर तुमचा मुलगा हसेल. प्रश्न न विचारता सोबत बसण्याचा भाग मात्र त्याच्याही वयाला लागू पडतो.

तो ज्या खेळात रमतो तो तुम्हाला कळत नाही, अशी तुमची तक्रार आहे. मला तर ती सोयच वाटते. त्याच्या शेजारी बसून त्यालाच तो शिकवायला सांगा, खुशाल हरा, आणि मध्येच अभ्यासाचा विषय काढू नका. समोरासमोर बसून न बोलणारी मुले शेजारी बसल्यावर, हात कशात तरी गुंतलेले असताना मोकळी होतात. तुमच्याही दिवसातले काही सांगा, बैठकीत झालेली फजिती चालेल, वरिष्ठांचा आलेला रागही चालेल. पहिल्या दिवशी तो ‘नको’ म्हणाला तर रुसू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहज विचारा.

त्याची झोप किंवा भूक बदलली, शाळेत जायची त्याला भीती वाटू लागली किंवा आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर मात्र वाट पाहू नका. शिक्षकांशी बोला आणि समुपदेशकांची मदत घ्या.

राहता राहिले यजमान. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या. मनासारखे राहू देणारे वडील कधी शेजारी येऊन बसले, तर मुलाला ते नको असेल असे मला वाटत नाही. फक्त दोघांनी एकाच संध्याकाळी त्याला गाठू नका.