काढलेला पापुद्रा आणि अहवालातल्या पेशी

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. डाव्या डोळ्याने त्यांना दाराची चौकट वाकडी दिसायची. मॅक्युलावर (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागावर) पापुद्रा आल्याचे निदान झाले आणि दोन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रियेने तो काढला. तपासणीच्या अहवालात ‘ग्लायल पेशी, मायोफायब्रोब्लास्ट, कोलॅजन’ असे लिहिले आहे. पेशी वाढल्या म्हणजे कॅन्सर का? रेषा अजून थोड्या वाकड्याच दिसतात, ते का?

उत्तर : आधी तुमची भीती घालवते. हा कॅन्सर नाही. मी पडद्याच्या शस्त्रक्रिया करते आणि काढलेले पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतेही. अहवालात तुम्ही लिहिलेल्याच पेशी मला बहुतेक वेळा दिसतात.

आपण ‘पडदा’ म्हणतो तो रेटिना. वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा द्राव रेटिनापासून सुटतो, तेव्हा त्याच्या काही पेशी मागे चिकटून राहतात. रेटिनाला आधार देणाऱ्या ग्लायल पेशीही वर येऊन पसरतात. रेटिनाला छिद्र पडले असेल तर खालच्या रंगद्रव्याच्या थरातल्या पेशीही सापडतात. यातल्या काही पेशींचे रूपांतर मायोफायब्रोब्लास्टमध्ये होते, आणि खरा त्रास त्यांचाच. जखम भरताना कातडी ओढून धरतात तशाच या पेशी असतात. त्यांच्यात स्नायूंमधले आकुंचन पावणारे प्रथिन असते. त्या आकसतात आणि खालच्या रेटिनाला चुण्या पडतात. अहवालातले कोलॅजन म्हणजे पापुद्र्यातले तंतुमय प्रथिन. पापुद्रा नुसता पातळ, चकचकीत असेपर्यंत अनेकांना काही जाणवतही नाही.

अहवालात ‘अंतर्मर्यादा पटल’ असाही शब्द असेल, तर घाबरू नका. ते रेटिनाचेच सर्वांत आतले आवरण, जेमतेम २-३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना वापरतात त्या पीएएस नावाच्या रंगाने ते गडद गुलाबी होते. द्रावाकडची त्याची बाजू गुळगुळीत असते, रेटिनाकडची खडबडीत. पापुद्रा पुन्हा येण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून आम्ही पुष्कळदा तेही मुद्दाम सोलून काढतो.

आता रेषांबद्दल. चुण्यांमुळे प्रकाश टिपणाऱ्या पेशी जागच्या हलतात, पण मेंदू त्यांना जुन्याच जागी धरून चालतो. म्हणून रेषा वाकते. पेशी एकमेकींजवळ दाटल्या तर वस्तू मोठीही दिसते. ताण काढला तरी पेशी हळूहळूच जागेवर येतात, काही येतही नाहीत. सुधारणा कित्येक महिने, कधी वर्षभरही चालू राहते. दोन महिने फार थोडे झाले. वाकडेपणा पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण जाईल असे वचन मी कोणालाच देत नाही.

घरी आम्सलरचा चौकटींचा तक्ता वापरा. वाचायचा चष्मा लावून, साधारण ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा झाकून. उजवा डोळाही तसाच तपासा, कारण काहींना दोन्हीकडे पापुद्रा येतो आणि चांगला डोळा तो बरेच दिवस लपवतो. अचानक ठिपके, प्रकाशाच्या चमका किंवा बाजूने काळी सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो पडदा सरकण्याचा इशारा असू शकतो.

बाबांचा मोतीबिंदू आधी काढलेला नसेल, तर वर्ष-दोन वर्षांत नजर पुन्हा धूसर होऊ शकते. तेव्हा पापुद्रा परत आला असे लगेच धरू नका. या शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू लवकर वाढतो, आणि दोहोंतले नेमके काय ते ओसीटी तपासणीत (प्रकाशाने पडद्याच्या थरांचे चित्र घेणाऱ्या) कळते.