वाद्ये कोणाच्या ताब्यात?

लग्नसराईपासून गणेशोत्सवापर्यंत ज्यांना कार्यक्रमांतून उसंत मिळत नाही, अशा कोल्हापूर आणि परिसरातील वादकांनी व साउंडवाल्यांनी वाद्यचोरीविषयी या सदराकडे बरीच पत्रे पाठवली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा कोल्हापुरात हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. मागच्या महिन्यात महामार्गालगतच्या एका लॉनवर स्वागत समारंभात आमचा कार्यक्रम होता. शेवटचे गाणे झाल्यावर यजमानांच्या आग्रहामुळे आम्ही सगळे एकदम जेवायला गेलो आणि परत येऊन पाहतो तर ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), अडॅप्टर आणि पेडल असलेली बॅगच जागेवर नव्हती. लॉनचे व्यवस्थापक हात झटकून मोकळे झाले. पोलिसांनी वस्तू गहाळ झाल्याचा अर्ज लिहून घेतला. आता काय करता येईल आणि पुढे काय काळजी घ्यावी? – एक तालवादक, राजारामपुरी

उत्तर : आधी कागदाचे पाहू. वस्तू गहाळ होणे आणि वस्तू चोरीला जाणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. गहाळ झाल्याच्या नोंदीवरून तपास सुरू होत नाही आणि विमा असल्यास कंपनीही त्या कागदावर पैसे देत नाही. आपली बॅग भरून, बंद करून ठेवलेली होती आणि ती कोणीतरी उचलून नेली, ही चोरीच आहे. त्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा नोंदवून घ्यावा, असा लेखी आग्रह आपण धरावा. महामार्गालगतची लॉन्स नेमकी कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतात यावरून अनेकदा माणसाला इकडून तिकडे फिरावे लागते. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते, आणि नोंदवलेल्या गुन्ह्याच्या खबरीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.

ऑक्टोपॅडच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवरचा अनुक्रमांक आपल्याकडे आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. जुने बिल, रिकामे खोके किंवा दुरुस्तीची पावती यांपैकी कशावर तरी तो सापडेल. तो फिर्यादीत घातला नाही, तर उद्या वस्तू सापडली तरी ती आपलीच आहे हे सिद्ध करणे अवघड जाईल. लॉनच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे नोंदले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती व्यवस्थापकांना लगेच करावी आणि तिची प्रत तपास अधिकाऱ्यांना द्यावी. कॅमेरा फक्त फाटकावर असला तरी बॅग बाहेर गेली ती बहुधा त्याच फाटकातून. सांगली, मिरज, इचलकरंजी, बेळगाव येथील वादकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर आणि दुरुस्ती करणाऱ्यांकडे छायाचित्र पाठवावे, मात्र वाद्यावरची एखादी खूण त्यात मुद्दाम सांगू नये. कोणी ‘वस्तू माझ्याकडे आहे’ म्हणून फोन केला, तर ती खूण विचारून खरे-खोटे करता येते. ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातीत आपला ऑक्टोपॅड दिसला, तर गिऱ्हाईक बनून स्वतः भेटायला जाण्याचा उत्साह टाळावा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून पोलिसांकडे द्यावेत आणि पुढचे काम त्यांना करू द्यावे.

आता पुढच्या काळजीविषयी. वाद्य वाजत असताना चोरीला जात नाही. ते जाते ते वादकाने खाली ठेवल्यापासून टेम्पोत चढेपर्यंतच्या मधल्या वेळात, जेव्हा ते नेमके कोणाच्या ताब्यात आहे हे कोणालाच सांगता येत नाही. कार्यक्रम संपल्यावरची कोणत्याही लॉनवरची दहा मिनिटे आठवून पाहा. गायिकेभोवती फोटोसाठी गर्दी झालेली असते, कीबोर्डवाला खाली मान घालून केबल गुंडाळत असतो, डेकोरेशनवाले पडदे ओढून काढत असतात, केटररची मुले पातेली आणि क्रेट घेऊन मागच्याच वाटेने ये-जा करत असतात आणि जनरेटरवाल्याला निघायची घाई झालेली असते. अशा वेळी काळा टी-शर्ट घातलेला एखादा माणूस खांद्याला बॅग लावून सरळ चालत निघाला, तर साउंडवाल्यांना तो ऑर्केस्ट्राचा वाटतो आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना साउंडचा. त्याला अडवायचे कोणी, हे आधी ठरलेले नसते, आणि माझ्या मते सगळी गफलत इथेच होते.

म्हणून कुलपे आणि साखळ्या विकत घेण्याआधी माणूस नेमावा. प्रत्येक कार्यक्रमाला एकाचे नाव ‘सामान’ म्हणून ठरवावे. त्याने वाजवले तरी चालेल, पण बाकीचे जेवायला गेले की तो मंचाजवळ थांबेल आणि दुसरा कोणी येऊन ‘आता मी आहे’ असे तोंडाने सांगेपर्यंत जागा सोडणार नाही. यजमानांचा आग्रह मोडवत नसेल, तर पंगत दोन तुकड्यांत करावी. कोल्हापुरात पाहुण्याला उपाशी पाठवण्याची कोणाची छाती नाही, दुसऱ्या तुकडीलाही तांबडा-पांढरा मिळतोच. प्रत्येक बॅगेला आणि खोक्याला ठळक क्रमांक घालावा, घरून निघताना, मंचावर पोहोचल्यावर, टेम्पोत भरताना आणि परत उतरवताना ते मोजावेत. क्रमांक असले की ‘एक काळी बॅग कमी वाटते’ असे न म्हणता ‘नऊ नंबर आला नाही’ असे म्हणता येते आणि शोध तिथल्या तिथे, माणसे पांगायच्या आत सुरू होतो. अडॅप्टर, पेडल, वायरलेस माइकचे रिसीव्हर या लहान वस्तू सुट्या ठेवल्या की हातोहात लंपास होतात, म्हणून त्या एकाच कुलूपबंद पेटीत असाव्यात.

टेम्पो ही दुसरी दुबळी जागा. उशिरा परतल्यावर ‘सकाळी उतरवू’ म्हणून भरलेला टेम्पो गल्लीत उभा करण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. बीटल्स या बँडचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफनर बेस गिटार १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात रात्री उभ्या असलेल्या व्हॅनमधून अशीच चोरीला गेली, आणि ती परत मिळाल्याचे जाहीर व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. तेव्हा कितीही दमलेले असलात तरी निदान वाद्ये रात्रीच घरात घ्यावीत, स्पीकर आणि स्टँड हवे तर राहू द्यावेत. तेही शक्य नसेल, तर मागचा दरवाजा भिंतीला अगदी टेकेल असा टेम्पो लावावा, म्हणजे कुलूप तोडले तरी दार उघडत नाही. मालवाहू वाहनातून माल चोरणे हा कलम ३०५ खालचा गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती शिक्षा चोर सापडल्यावरची.

लॉनच्या जबाबदारीबद्दल आपला राग समजू शकतो, तरी खरे सांगायचे तर कार्यक्रमाची सुपारी घेताना आपण तारीख, वेळ आणि विसार याखेरीज काही लिहून घेत नाही. पुढच्या वेळी त्याच कागदावर दोन ओळी वाढवाव्यात: वाद्यांसाठी कुलूप लावता येईल अशी एक खोली मिळेल व तिची किल्ली कार्यक्रम संपेपर्यंत आमच्याकडे राहील, आणि सामान भरून होईपर्यंत मंचामागच्या वाटेवर आयोजकांचा एक माणूस उभा राहील. यजमान त्याला सहसा नाही म्हणत नाहीत, आणि म्हटले तरी आपल्याला आपला माणूस वाढवायचा आहे हे आधी कळते.

प्रश्न : तबला-डग्गा, ढोलकी, तंबोरा यांना अनुक्रमांक नसतो. ते आपलेच आहेत हे ओळखायचे कसे? – तबल्याच्या शिक्षिका, मंगळवार पेठ

उत्तर : पितळी किंवा तांब्याच्या डग्ग्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. भांड्यांवर नावे घालून देणारा यंत्रवाला डग्ग्याच्या बुडावरही नाव घालून देतो. लाकडी तबल्याचे तसे करणे अनेकांना रुचत नाही, त्यासाठी पुडी, म्हणजे वरचे कातडे, बदलण्याची वेळ साधावी. पुडी उतरली की खोडाचा आतला भाग उघडा असतो. तिथे नाव आणि वर्ष कोरून घ्यावे किंवा पक्क्या शाईने लिहावे आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. नवी पुडी बसली की ती खूण कोणाला दिसत नाही आणि तबला न उघडता पुसताही येत नाही. ढोलकीचेही तसेच. पुडीचे किंवा तिच्यावरच्या शाईच्या काळ्या गोलाचे छायाचित्र मात्र ओळख म्हणून फारसे उपयोगाचे नाही, कारण चोराने पहिल्यांदा बदलली तर पुडीच बदलेल. खोडावरच्या शिरा, गाठी, जुनी भेग, डग्ग्याला पडलेला पोचा या गोष्टी बदलत नाहीत, त्या जवळून आणि तिरप्या उजेडात टिपाव्यात. बाजाची पेटी (हार्मोनियम) असल्यास आत, सुरांच्या पट्टीशेजारी नावाची चिठ्ठी चिकटवावी.

तंबोऱ्याच्या बाबतीत भोपळ्याची पाठ, कडेचे नक्षीकाम आणि पूर्वी केलेले सांधे यांची छायाचित्रे घ्यावीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांना आपल्या आणि शेजारच्या हातचे काम नजरेने ओळखता येते. चोरी झाल्यास त्यांना आवर्जून कळवावे, कारण चोरीचा तंबोरा ज्याच्याकडे जाईल तो जवारी काढायला, म्हणजे तारांचा झणकार नीट करून घ्यायला, कधी ना कधी याच कारागिरांकडे येण्याचा संभव बराच.

प्रश्न : घराच्या विम्यात वाद्ये येतात ना? की वेगळा विमा घ्यावा? आणि ट्रॅकर लावला तर विम्याची गरज राहते का? – कीबोर्डवादक, इचलकरंजी

उत्तर : व्यवसायासाठी घराबाहेर नेलेली वाद्ये घराच्या साध्या पॉलिसीत सहसा धरली जात नाहीत, म्हणून ‘ऑल रिस्क’ प्रकारची पॉलिसी घ्यावी आणि तिच्या यादीत प्रत्येक वाद्य अनुक्रमांकासह, किमतीसह लिहून घ्यावे. सहीपूर्वी दोन कलमे नीट वाचावीत: निगराणीविना ठेवलेल्या वाहनातील चोरी आणि कुलूप तोडल्याच्या खुणा नसलेली चोरी. आपल्यासारख्यांचे नुकसान बहुधा याच दोन प्रकारांत होते आणि दावे इथेच अडतात. चोर न सापडल्यास पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास न लागलेला असा न्यायालयाने स्वीकारलेला अहवाल, विमा कंपनी मागते. तो मिळेपर्यंत धीर धरावा लागतो. अशी पॉलिसी केवळ चोरीपुरती नसते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेली आग पाहिलेल्या कोल्हापूर परिसरातील वादकाला याहून अधिक सांगायला नको.

दाव्याची रक्कम घेतल्यावर वाद्याची मालकी कंपनीकडे जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मिन-जिन किम या व्हायोलिनवादिकेचे १६९६ सालचे स्ट्रॅडिव्हेरियस (अतिशय मौल्यवान असे जुने इटालियन व्हायोलिन) २०१० मध्ये लंडनच्या युस्टन स्थानकावर खाण्यासाठी थांबलेल्या असताना चोरीला गेले. ते २०१३ मध्ये सापडले खरे, पण विम्याचे पैसे घेतलेले असल्याने ते त्यांचे उरले नव्हते आणि पुढे लिलावात विकले गेले. ज्या वाद्यात जीव अडकला आहे, त्याच्या पॉलिसीत ‘सापडल्यास भरपाई परत करून वाद्य घेण्याचा हक्क’ लिहून मिळतो का, हे विचारून पाहावे.

ट्रॅकर अवश्य लावावा, पण त्याने विम्याची जागा घेता येत नाही. एअरटॅगसारखे बटण आसपासच्या फोनच्या आधारे ठिकाण सांगते, त्यामुळे भर वस्तीत ते कामाचे आणि निर्जन माळावर जवळजवळ मुके. ते धातूच्या खोक्यात बंद ठेवू नये, बॅगेच्या खिशातही नव्हे, तर अस्तराच्या आत शिवून टाकावे.

प्रश्न : मुलगी सतार घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने एकटी मुंबईला जाणार आहे. रेल्वेत चोरी झाल्यास भरपाई मिळते का? – एक पालक, शाहूपुरी

उत्तर : सोबत घेतलेल्या, बुक न केलेल्या सामानाची चोरी झाल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे रेल्वेची चूक प्रवाशालाच सिद्ध करावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जून २०२३ मध्ये अशा चोरीला रेल्वेच्या सेवेतील त्रुटी मानण्यास नकार दिला. म्हणून भरपाईची आशा धरू नये. तिकीट वरच्या बर्थचे काढावे आणि सतार आतल्या बाजूला, भिंतीलगत ठेवावी. साखळी पेटीच्या मुठीतून ओवू नये, मूठ दोन स्क्रूंत निघते; ती पेटीच्या निमुळत्या मानेभोवती आवळून बर्थच्या साखळदंडाला कुलूपबंद करावी. मिरज आणि पुणे या स्थानकांवर चढ-उतार जास्त असते, तेवढ्यापुरता गजर लावून जागे राहावे. काही घडलेच, तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवावा. त्यासाठी प्रवास मध्येच सोडून उतरण्याची गरज नाही.