नौदलातल्या दोन श्रद्धाळू अधिकाऱ्यांचं युद्धकाळातलं प्रेम : शेवटी एकाने धर्म सोडायलाच हवा का?

तुम्ही दुसऱ्या महायुद्धावर दीर्घकथा लिहिताय. नायक-नायिका दोघंही रॉयल इंडियन नेव्हीत अधिकारी, धर्म वेगळे, दोघंही मनापासून देव मानणारे. तुमचे प्रश्न तीन : तेव्हा नौदलात बाई अधिकारी असायची का, दोन अधिकाऱ्यांना लग्न करता यायचं का, आणि शेवट पटावा म्हणून दोघांपैकी एकाने धर्म मागे टाकलेला दाखवावा का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही. अजिबात दाखवू नका. माझे आईकडचे आजी-आजोबा म्हणजे तुमची कथाच आहे, आणि आमच्या घरात या एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या मामाचं बोलणं बंद आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होय, बायका होत्या. १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर उभी राहिली, तिच्या नौदल शाखेला पुढे विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस हे नाव मिळालं. सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये अभ्यासदौऱ्यावर ब्रिटनला गेल्या होत्या, तेव्हाचा रोसाइथ बंदरावरचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. जहाजावर या बायकांना पाठवत नसत. सायफर (म्हणजे सांकेतिक संदेश उलगडणं), सिग्नल, टेलिप्रिंटर, कारकुनी अशी किनाऱ्यावरची कामं. युद्ध संपलं आणि ते दल गुंडाळलं गेलं. त्यानंतर, डॉक्टर सोडल्या तर, नौदलात बाई अधिकारी दिसायला १९९२ साल उजाडलं. माझी आजी सायफरमध्ये थर्ड ऑफिसर होती. कुठला संदेश उलगडला हे तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आजोबांनासुद्धा नाही.

आजी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी ज्यू. मूळ अलिबागकडची, पण वाढलेली मुंबईत, मशीद बंदराजवळच्या इस्रायल मोहल्ल्यात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाकडे यांना शनवार तेली म्हणत. आजोबा साताऱ्याकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी, स्वतः माळकरी. माळकरी मुलगा नौदलात गेला म्हणून पणजोबांनी वर्षभर पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला तो दिवस. जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा, आणि पेटलेला कापूस मांडवीच्या घरांवर पडू लागला. आजी फोर्टात ड्यूटीवर होती. वडील सुखरूप आहेत एवढी खात्री करून ती परत आली आणि जखमींच्या याद्या करायला बसली. आजोबा मदतपथकात होते. बोटीवरचे दोर घेऊन भिंतीखाली अडकलेली माणसं काढत होते.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय कारण त्या दिवशी शुक्रवार होता, आणि पेसाह या ज्यू सणाचा सातवा दिवस. आजीच्या बोलीत 'अनाशी ढाकायचा सण'. त्या दिवसांत आंबवलेलं काहीही चालत नाही, म्हणजे पाव नाही. रात्री पथकासाठी खोकी आली. आत डबाबंद गोमांस घातलेले सँडविच. सगळे तुटून पडले. वाळूच्या पोत्यांवर बसलेले दोघंजण तेवढे खात नव्हते. आजोबांच्या शर्टाची कॉलर जळली होती आणि तिच्यातून तुळशीची माळ दिसत होती. आजीने विचारलं, "माळकरी का?" ते म्हणाले, "हो. आणि तुम्ही?" तिने सांगितलं, आमचा सण आहे, पाव चालत नाही, आणि हे मांस तर एरवीही चालत नाही.

कुणा व्यापाऱ्याच्या घरून केळ्यांची फणी आली होती. आजोबांचे हात काजळीने माखलेले. त्यांनी केळं देठाकडून धरलं, साल अर्धं खाली सोललं आणि काळी बोटं आतल्या गराला लागणार नाहीत असं तिच्यापुढे केलं. आजी हे सांगताना दरवेळी हाताने करून दाखवायची. तिचं स्वतःचं बोट वर उचललेलं असायचं, ते कशालाही न टेकवता.

मग आजोबांनी विचारलं, "पण शुक्रवारी दिवेलागणीनंतर तुमच्यात लिहीतही नाहीत ना? तुम्ही तर याद्या लिहिताय." साताऱ्याकडच्या माणसाला हे कसं ठाऊक, याचंच तिला नवल वाटलं. बोटीवर त्यांचा एक सहकारी बेने इस्रायली होता. तिने उत्तर दिलं, "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार, मोडावाच लागतो. तसा आमच्यात नियमच आहे."

पुढे काही महिने भेटी होत राहिल्या. तिने त्यांना मोहल्ल्यातल्या कीर्तनाला नेलं. बेने इस्रायलांमध्ये मराठी कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, चाली आपल्याच आणि आख्यान योसेफाचं किंवा दाविदाचं. आजोबा शेवटपर्यंत मांडी घालून बसले, आणि आख्यानात एक जागा लांबली असं त्यांनी बाहेर येऊन जाणकारासारखं सांगितलं. तिला राग आला. रस्त्यात थांबून दोघं त्यावर भांडले. तुमच्या कथेत असा एक प्रसंग हवा असं माझं ठाम मत आहे. देवाधर्मावर भांडता येण्याइतकी जवळीक चांदण्यातल्या फेरीने येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल इतकंच, की दोघंही अधिकारी असल्याने वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या बैठकीत, कुणी अडवलं नाही. अडवलं ते कायद्याने, आणि त्याआधी आराकानने.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर मायेबोन आणि कांगॉच्या लढाया झाल्या. आपली नर्मदा आणि जमुना ही जहाजं तोफांचा मारा करत होती आणि मोटर लाँच खारफुटीच्या अरुंद खाड्यांमध्ये शिरत होत्या. आजोबा अशाच एका लाँचवर होते. एकदा रसद चुकली आणि तीन दिवस डब्यातल्या मांसाशिवाय काही उरलं नाही. पहिला दिवस त्यांनी पाणी आणि साखरेवर काढला. दुसऱ्या दिवशी सुकाणूपाशी चक्कर आली. अठरा-वीस माणसांचा जीव आपल्या हातात आहे हे कळून त्यांनी खाल्लं, आणि त्याच रात्री माळ उतरवून पेटीत ठेवली. माळकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे काय असतं ते सांगावं लागत नाही.

ही गोष्ट त्यांनी वडिलांना कळवली नाही. आजीला कळवली. तिचं उत्तर माझ्याकडे आहे, घडीवर फाटलेलं. तिने 'वाईट वाटून घेऊ नका' असं लिहिलं नाही, की 'देवाला सगळं चालतं' असंही लिहिलं नाही. तिने लिहिलं की गोदीच्या रात्री मी याद्या का लिहीत होते ते आठवा, नियम तोच आहे. आणि पुढे लिहिलं की परत आलात की आधी माळ घाला, मग मला भेटा.

तसंच झालं. बोट मुंबईला लागल्यावर रजा मिळताच ते पंढरपूरला गेले, चंद्रभागेत स्नान केलं, महाराजांच्या हातून पुन्हा माळ घेतली आणि पाच दिवस उशिरा तिच्यापुढे उभे राहिले. आजी म्हणायची, "आधी माळ आणि मग मी, असाच माणूस मला हवा होता."

आता कायदा. १९४६ मध्ये दोघं नोंदणी कचेरीत गेले. तेव्हा १८७२चा विशेष विवाह कायदा होता, आणि त्यात दोघांनाही लिहून द्यावं लागे की मी ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठलाही धर्म मानत नाही. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात सूट मिळाली होती, पण ज्यू मुलीशी लग्न म्हटलं की ती सूट संपली. आजीने ती ओळ वाचली आणि टाक खाली ठेवला. कारकून समजुतीने म्हणाला, "नुसती सही आहे बाई, घरी जाऊन काय करायचं ते करा." आजोबांनी त्याला सांगितलं, "मी रोज लॉगबुकात सही करतो. त्यात खोटं लिहिलं तर जहाज खडकावर जातं."

दोघं बाहेर आले आणि थांबले. नौदलात बंड झालं, स्वातंत्र्य आलं, फाळणीत नौदलाची जहाजं वाटली गेली, आणि तो फॉर्म तसाच राहिला. आजी शाळेत शिकवू लागली, आजोबांच्या बदल्या होत राहिल्या. धर्म बदलून प्रश्न सुटला असता, पण दोघांनीही दुसऱ्याला तसं एकदाही विचारलं नाही. नवा कायदा १ जानेवारी १९५५ पासून लागू झाला. त्यात ते प्रतिज्ञापत्र नव्हतं. त्यांनी त्याच महिन्यात नोटीस दिली, तीस दिवस थांबले, आणि तीन साक्षीदारांपुढे सह्या केल्या. ती तेहेतीस वर्षांची, ते छत्तीसचे.

मामाचं म्हणणं असं, की या हट्टापायी दोघांनी ऐन तारुण्यातली नऊ वर्षं वाया घालवली. एका कागदावरची सही, देव काही तपासायला येत नव्हता. आजोबा गेले तेव्हा त्याने पेपरात जी श्रद्धांजली दिली त्यात छापलं होतं की दोघांनी 'धर्माच्या भिंती ओलांडून' संसार केला. मला ते वाक्य आजही सहन होत नाही. त्यांनी काहीच ओलांडलं नाही. शुक्रवारी आजी दिवे लावायची आणि आजोबा चप्पल बाहेर काढून शांत बसायचे. एकादशीला ती त्यांच्यासाठी वऱ्याचे तांदूळ करायची. मलिदा या बेने इस्रायली विधीच्या ताटातल्या गोड पोह्यांवर नारळ खवून द्यायचं काम आजोबांचं होतं. घरात मांस शिजत नव्हतं, त्यामुळे तिचा कोशेरचा, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांचा, निम्मा प्रश्न आपोआप मिटला होता. धर्म बाजूला ठेवला असता तर या दोघांना एकमेकांत दिसलं काय असतं? त्या रात्री दोघंही इतरांसारखे सँडविच खाऊन झोपले असते.

आता खटकणाऱ्या गोष्टीही सांगते, नाहीतर तुम्ही गोड गोष्ट लिहाल. नव्या कायद्याने लग्न केलं की हिंदू माणूस एकत्र कुटुंबातून कायद्यानेच वेगळा होई. आजोबांच्या थोरल्या भावाने त्याचा अर्थ 'मेला' असाच घेतला. आजीच्या माहेरचं कुणी लग्नाला आलं नाही. भाऊ साठच्या दशकात इस्रायलला गेला, त्याची पत्रं दहा वर्षांनी सुरू झाली. आई आणि मामा शाळेत 'तुम्ही नक्की कोण' या प्रश्नाला कंटाळले होते, आणि मामाचा सगळा राग मला वाटतं तिथून आलाय. तेवढं त्याचं खरं आहे. मुलांना ते दोघं पुरेसं बोलून समजावत नव्हते. आपण जगतोय ते दिसतंय ना, मग कळेल, असं त्यांना वाटायचं.

आजी २००९ मध्ये गेली. मामाला तिला अग्नी द्यायचा होता, आजोबांना दिला त्याच स्मशानात. पन्नास वर्षं एका घरात राहिली, आता वेगळी का, असं तो म्हणत होता आणि रडत होता. मी आजीच्या कपाटातून तिच्या हातचा कागद काढला. दफन, तिच्या लोकांमध्ये, तिच्या प्रार्थनेने. काद्दिश ही मृतासाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. मुंबईत आता आमच्या ओळखीची घरं किती उरलीत! दुपारपर्यंत नऊ जमले. दहावे गृहस्थ ठाण्याहून लोकलने आले, सत्तरी ओलांडलेले, आजीला कधी न भेटलेले. मामा फाटकाबाहेर उभा राहिला. मुलाने म्हणायची ती प्रार्थना त्या अनोळखी माणसाने म्हटली. मी मामाला तेव्हा जे बोलले ते जरा सौम्य बोलायला हवं होतं, पण मुद्दा बदलत नाही.

तर तुमच्या कथेसाठी : नायिकेला जहाजावर पाठवू नका. किनाऱ्यावर सायफरमध्ये ठेवा आणि हुद्दा थर्ड ऑफिसर द्या. १९५५ च्या आधी त्यांचं लग्न कचेरीत लावणार असाल तर ती सही दाखवावी लागेल, ती टाळून पुढे जाऊ नका. दोघांपैकी एक ख्रिस्ती असेल तर मात्र वेगळा कायदा लागतो आणि वाट बरीच सोपी होते, म्हणून धर्म नीट ठरवा. आणि गोदीच्या स्फोटाचा प्रसंग घेणार असाल, नायिका ज्यू असेल, तर तो शुक्रवार होता आणि पेसाह संपलेला नव्हता. तिला पाव खायला लावू नका. कुणाच्या तरी घरून केळी येऊ द्या.