कर्तृत्ववान, कर्तृत्ववती की कर्तबगार?

कोल्हापुरातल्या एका शाळेच्या बाईंनी विचारलंय : मुलींसाठी इतिहासातल्या स्त्रियांचं प्रदर्शन भरवतोय, फलकावर 'कर्तृत्ववान महिला' लिहू की 'कर्तृत्ववती'?

काहीही लिहा, पण 'कर्तुत्व' लिहू नका. आठ मार्च आला की चौकाचौकातल्या बॅनरवर 'त'ला उकार लटकलेला दिसतो आणि दर वर्षी माझं डोकं उठतं. मूळ शब्द कर्तृ, ऋकार हवाच.

आता वान-वती. मराठीत 'वान' लिंगाप्रमाणे बदलत नाही, 'भाग्यवान बाई' म्हणतोच की आपण, असं व्याकरणाची काही जाणकार मंडळी ठासून सांगतात. मला मुळीच पटत नाही. त्याच बॅनरवर बायकांच्या नावांआधी 'सौ.' असतं. ते काय आहे? सौभाग्यवती. नवऱ्यामुळे मिळालेलं विशेषण स्त्रीलिंगी आणि स्वतः केलेल्या कामाचं पुल्लिंगी, हा कुठला नियम?

पण माझं ऐकाल तर दोन्ही सोडा आणि 'कर्तबगार' लिहा. काय देखणा शब्द आहे! 'कर्तब' म्हणजे संस्कृत 'कर्तव्य', बोलण्यात घासून गुळगुळीत झालेलं. 'गार' हा फारसी प्रत्यय, गुन्हेगारातला. हा 'गार' मुळात 'कार', आपल्या कुंभकारातल्या 'कार'चा इराणी भाऊ. म्हणजे 'करणे' या अर्थाचा एकच धातू, कृ, या शब्दात दोनदा बसलाय : एकदा संस्कृतातून आलेला, एकदा इराण फिरून आलेला. आणि 'गार' लिंग बघत नाही. कामगार बाई, कामगार बुवा, शब्द तोच. माझं तर ठाम मत आहे की म्हणूनच आपल्या आज्यांच्या तोंडी 'कर्तबगार बाई' सहज बसलं आणि 'कर्तृत्ववती' भाषणातच राहिलं.

ताराबाईंना हा शब्द 'रणरागिणी'पेक्षा जास्त शोभतो. कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळा बघून मुली तलवारच लक्षात ठेवतात. पण १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या, आणि पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, लहान मुलाच्या नावाने त्यांनी राज्य चालवलं. किल्ले, सरदार, पैसा, सगळं बघितलं. मोगलांकडचा इतिहासकार खाफीखानसुद्धा लिहितो की दिवाणी आणि लष्करी कारभाराची जाण असलेली बाई म्हणून त्यांचं नाव नवऱ्याच्या हयातीतच झालं होतं. शत्रूने दिलेला दाखला आहे हा! फलकावर तोच मोठ्या अक्षरात घ्या.

आणि डॉ. कृष्णाबाई केळवकरांना विसरू नका. शाहू महाराजांच्या काळात त्या इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात, डॉक्टर होत्या. त्यांच्या आई रखमाबाई इथेच मुलींच्या शिक्षणाच्या कामात होत्या. मायलेकींचा फलक ताराबाईंच्या शेजारीच लावा.